दाब पडला नाही

रक्ताचा दाब पडण्याच्या आधी महादूला जांभई येत असे. ती झोपेची नसे. झोपेची जांभई माणूस स्वतः देतो. ही त्याच्याकडून ओढून घेतल्यासारखी यायची. एक आली की लगेच दुसरी, मग कपाळावर घामाचे बारीक दाणे, मग ओठांचा रंग जाई. अंधेरीच्या त्या धर्मादाय डायलिसिस केंद्रातला तंत्रज्ञ यज्ञेश आता ही खूण ओळखू लागला होता. जांभई दिसली की तो हातातले काम टाकून खिडकीजवळच्या बेडकडे येई.

"काका, काय होतंय?"

"काय नाय."

"डोळ्यांपुढं अंधारी?"

"नाय रं. तू तुजं काम कर."

हे बोलता बोलता महादूची मान एका बाजूला कलली. डाव्या पोटरीत गोळा चढला आणि अंगठा आपोआप वर ताठला. दंडाला बांधलेला पट्टा फुगला, सैल झाला, आणि पडद्यावर वरचा आकडा ऐंशीच्याही खाली आलेला दिसला. यज्ञेशने यंत्राची पाणी ओढण्याची कळ बंद केली, बेडचे डोके खाली घेतले, पाय वर केले आणि सलाईनची चिमटी सोडली. महादूने उलटी केली ती स्वतःच्या खांद्यावर. तीस पावसाळे ज्याने मढच्या दर्यात तांडेल म्हणून होडी हाकली, त्याची उलटी पुसायला त्याच्या बायकोला बाहेरच्या बाकावरून आत बोलावण्यात आले.

सरूबाई आली. तिने आधी नवऱ्याचा चेहरा पुसला, मग खांदा, मग चादर. आणि शेवटी कोणी सांगितले नव्हते तरी फरशीही पुसली.

कारण गुंतागुंतीचे नव्हते. महादूची मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून त्याला लघवी जवळजवळ होत नव्हती. प्यालेले पाणी डायलिसिसच्या दोन खेपांच्या मधल्या दिवसांत अंगातच साठे आणि यंत्र ते चार तासांत ओढून काढी. यंत्र ओढते रक्तातून. मांसात मुरलेले पाणी रक्तात परत यायला त्याचा स्वतःचा वेळ घेते. ओढ जास्त आणि भर कमी झाली की दाब कोसळतो. यात कोणाचा राग नव्हता, कोणाची दृष्ट नव्हती. पण ज्याच्या डोळ्यांपुढे दिवा विझतो त्याला हे हिशेब सुचत नाहीत.

केंद्राच्या प्रमुख दीप्ती मॅडम दारापाशी उभ्या होत्या. त्यांनी सरूबाईला बाहेर घेतले. बाकावर नीलम बसली होती. महादू उतरला की त्याच बेडवर तिच्या नवऱ्याला, जयवंतला, चढवत. त्यामुळे महादूला उशीर झाला की तिलाही होई, आणि आत काय चालले आहे यावर तिचे बारीक लक्ष असे.

"मावशी, या महिन्यात हे कितव्यांदा?" मॅडम म्हणाल्या.

"आज जरा ऊन लागलं असंल."

"ऊन नाही. हे बघा, इथे डॉक्टर पूर्ण वेळ नसतात. ज्यांचा दाब असा सारखा पडतो त्यांना आम्ही ठेवू शकत नाही. काही झालं तर जबाबदारी कोणाची? पुन्हा असं झालं तर काकांना मुलुंडच्या मोठ्या हॉस्पिटलला पाठवावं लागेल."

"तिकडं जागा हाय?"

"नाव घालावं लागेल. वेटिंग आहे."

"आन तवर?"

मॅडमनी जिन्याकडे पाहिले. "तोवर बघू," त्या म्हणाल्या. हे उत्तर नव्हते, हे त्यांनाही माहीत होते. पण नियम त्यांनी केलेला नव्हता.

नीलमने ते सगळे ऐकले आणि मोबाइलमध्ये डोके घातले.

मढला परतताना वर्सोव्याच्या धक्क्यावर महादूला फेरीबोटीत चढता येईना. बोट वरखाली होत होती आणि वर येण्याच्या क्षणी पाय टाकायचा, एवढीच गोष्ट होती. ती त्याच्या पायांना जन्मापासून माहीत होती. आज पायांची वेळ चुकली. बोटीवरच्या तरुण पोराने त्याला काखेत धरून, पोते उचलावे तसे आत घेतले.

"तांडेल, धरून बसा हां," तो पोर म्हणाला.

बोटीतल्या दोन कोळणी हसल्या नाहीत. त्यांनी दुसरीकडे पाहिले. महादूला ते हसण्यापेक्षा जास्त लागले.

*

महादूच्या मुलाने, कृणालने, हे ऐकून घेतले तेव्हा तो किनाऱ्यावर इंजिनातले तेल बदलत होता. मासेमारीची बंदी उठून होड्या सुटल्या होत्या, बोंबलाचा हंगाम तोंडावर होता आणि होडीवर बापाच्या जागी आता तो उभा राहत होता. बापाच्या हाताखाली काम केलेले खलाशी त्याला अजून नाखवा म्हणत नव्हते, कृणालदादा म्हणत.

"मुलुंडला न्यायचा म्हंजे सकालचा निंगायचा आन दिवेलागणीला परत. एकट्या आयेला जमनार नाय. म्हंजे मीच," तो म्हणाला. "आठवड्यातनं तीन दिस होडी बांधून ठेवायची. मंग खलाशी काय रेतीत बसून शिंपल्या मोजतील? दुसरा नाखवा उचलून नेल त्यांना."

"मना मुलुंडला नको," महादू म्हणाला. तो उलट्या ठेवलेल्या टबावर बसून जाळ्याचे फाटके डोळे शिवत होता. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने जोडलेली शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिच्यावर बोट ठेवले तर आत अखंड थरथर लागे, इंजिन दुरून ऐकू यावे तशी. त्या हाताने काही उचलायचे नाही, ओढायचे नाही. सुई तेवढी चाले. "तिथं दर्या नाय."

"दर्या बघायला जातंय का तुमी?"

"गप रं," सरूबाई म्हणाली.

ती पिंपातले खारवलेले बांगडे बाहेर काढत होती. पोटे चिरून, जाडे मीठ भरून, थरावर थर देऊन लावलेले ते मासे पाणी सोडून आवळले होते. हात कोपरापर्यंत मिठाने पांढरे झाले होते. ती एकाएकी थांबली.

"दाब पडायच्या आदी जांभया येतान ना तुमाला?"

"येतान."

"घाम?"

"घाम पन."

"आन मंग पायात गोळा."

"तू काय नवीन सांगतंय? मीच ते भोगतंय."

"आपला तो रत्नागिरीचा खलाशी, चैताच्या उन्हात डोल ओढता ओढता पडला व्हता. तवा त्याला कसं जालं व्हतं?"

महादूची सुई थांबली. त्याला आठवले. आधी तो गडी जांभया द्यायला लागला, मग राखेसारखा झाला, मग गुडघ्यात मोडला. महादूने त्याला सावलीत ओढले होते आणि जे त्याच्या बापाने त्याला शिकवले होते तेच केले होते: खाऱ्या बांगड्याचा तुकडा दाढेखाली द्यायचा, चघळू द्यायचा, वर घोट घोट पाणी. होडीवर याला औषध म्हणत नसत. पडलेल्याला उभा करायची ती रीत होती. गडी थोड्या वेळाने उठला आणि त्याने जाळे ओढले.

"तेच हाय हे," सरूबाई म्हणाली.

ते तेच नव्हते. खूण एक होती, कारणे दोन होती. उन्हात पडलेल्या खलाशाने घामावाटे मीठ आणि पाणी दोन्ही गमावले होते. महादूच्या अंगात दोन्ही गोष्टी गरजेहून जास्त होत्या आणि फक्त त्या फार घाईने उपसल्या जात होत्या. पण हा फरक बाहेरून दिसत नाही. दिसते ती जांभई, आणि ती तशीच असते.

"मीठ नको म्हनलंय डाक्टरनी," कृणाल म्हणाला.

"डाक्टर पडलाय कदी होडीवर?" महादूने विचारले. विषय तिथे संपला.

*

बुधवारी सकाळी सरूबाईने शेगडीवर बांगड्याचा तुकडा भाजला आणि फडक्यात बांधला. फेरीबोटीत बसल्यावर तिने तो महादूच्या हातात दिला. त्याने तो दाढेखाली धरला आणि खाडी ओलांडेपर्यंत चघळला. चेहऱ्यावर समाधान होते. गेले वर्षभर तो अळणी भात आणि अळणी भाजी खात होता, आणि हा त्याच्या तोंडाला लागलेला पहिला खरा घास होता.

त्याच बुधवारी आठवड्याची फेरी करणारे डॉक्टर चंद्रप्रकाश केंद्रात आले होते. त्यांनी महादूची पत्रके चाळली.

"दाबाची सकाळची गोळी घेऊन येता का तुम्ही?"

"घेतंय. उपाशी पोटी."

"मग पडणारच. डायलिसिसच्या दिवशी सकाळची गोळी बंद. घरी गेल्यावर घ्यायची. समजलं का, मावशी?"

"समजलं."

त्या दिवशी जांभई आली नाही. पट्टा दर अर्ध्या तासाने फुगत राहिला आणि आकडा जागचा हलला नाही. शेवटच्या तासाला सरूबाईला दारातून डोकावण्याची परवानगी मिळाली, तेव्हा महादू यज्ञेशला सुरमई कशी निवडावी हे सांगत होता.

"झकास, काका!" यज्ञेश म्हणाला. "आज तुम्ही सुट्टी दिली मला."

एकाच दिवशी दोन गोष्टी बदलल्या होत्या. डॉक्टरांनी श्रेय गोळीला दिले, घराने बांगड्याला. खरे काय ते कळायचे असेल तर एक गोष्ट चालू ठेवून दुसरी थांबवून पाहावी लागते. पण त्यासाठी पुन्हा एकदा दाब पडण्याची जोखीम घ्यावी लागली असती, आणि पडला असता तर बेड गेला असता. म्हणून कोणी काही थांबवले नाही. जे चालले ते सगळेच चालू राहिले.

सरूबाईने संध्याकाळी एकवीरेच्या तसबिरीपुढे दिवा लावला आणि कृणालला म्हणाली, "जा. होडी सोड."

*

बोंबील आला. पहाटे होड्या परतत, किनाऱ्यावर टोपल्या ओतल्या जात, आणि सरूबाई व तिची सून हेमांगी बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीच्या दोरीवर जोड्या टांगत. बांबूच्या त्या आडव्या ओळी दुपारपर्यंत पांढऱ्या होत. हेमांगी नंतर आंघोळ करून मालाडच्या ऑफिसात जाई. तिथे तिने अत्तर लावले तरी शेजारची मुलगी श्रुतिका खुर्ची थोडी सरकवून घेई. हेमांगीने हे घरी कधी सांगितले नव्हते.

स्वयंपाक मात्र तिच्याकडे होता, आणि सासऱ्याचे अळणी जेवण वेगळे करण्याचे काम ती नेटाने करत होती. म्हणूनच शेगडीवरचा वास तिला कळला.

"आये, हे कोनाला?"

"तुज्या सासऱ्याला."

"मी अलनी शिजवतंय कनाला मंग? उगाच दोन टोपं घासायला?"

"तू शिजव. घरी अलनीच. हे फक्त जातानाचं."

"डाक्टरला सांगितलंस?"

सरूबाईने तुकडा उलटला. "होडी दर्यात हाय का?" तिने विचारले.

"हाय."

"मंग?"

हेमांगीने खिडकी उघडली, धूर जाऊ दिला आणि ऑफिसला गेली. त्यानंतर तिने विचारले नाही. चुकीला घरात जागा मिळते ती अशी: कोणी तिला आत घेत नाही, पण दारही कोणी लावत नाही.

महादूला तहान लागू लागली. आधी ती होतीच, आता तिला धार आली. जीभ टाळ्याला चिकटे. दिवसाला ठरवून दिलेले पाणी दुपारीच संपे. मग तो माशांसाठी आणलेल्या बर्फातला खडा उचलून तोंडात टाके, आणि बर्फ म्हणजे पाणी नव्हे असा त्याचा युक्तिवाद असे. सरूबाई पाहून न पाहिल्यासारखे करी. तहानलेल्या माणसाच्या तोंडातून बर्फ काढून घेणे तिला जमले असते. पण तहान आपण दिली आहे, हे तिला ठाऊक होते.

केंद्रातल्या काट्यावर तो दर खेपेला आधीपेक्षा जड भरू लागला.

"काका, पिता किती तुम्ही?" यज्ञेश म्हणाला. "एवढं सगळं नाही निघणार चार तासांत. घाई केली तर पुन्हा आडवे व्हाल."

"मंग नको काढू सगलं."

"राहिलेलं कुठे जाईल?"

"ऱ्हाईल की. दर्यात काय कमी पानी हाय?"

यज्ञेश हसला. त्याने थोडे कमी ओढायचे ठरवले. दाब पडला नाही. पत्रकावर त्याने 'सत्र निर्विघ्न' असे लिहिले आणि ते खरेच होते. त्याच्याकडे त्या वेळी सहा यंत्रे होती. जे यंत्र ओरडत नाही त्याच्याकडे तो वळून पाहू शकत नव्हता.

मार्गशीर्षात आकडा वर जाऊ लागला. महादू आत येई तेव्हा दाब दीडशेच्या आसपास असे आणि यंत्रावरून उतरताना एकशे नव्वद. पाणी काढल्यावर दाब उतरायला हवा. याचा चढत होता. डोके थोडे ठणके, बाकी त्रास काही नाही. पडण्यात अंधारी असते, उलटी असते, धावपळ असते. चढण्यात काही दिसत नाही. माणूस टेकून बसलेला असतो, बोलतो, चहा मागतो. दीप्ती मॅडमनी एकदा थांबून म्हटले, "काका, आता तुम्ही आमचे सगळ्यात स्थिर पेशंट," आणि महादूने त्या दिवशी फेरीबोटीत चढताना पोराचा हात झिडकारला.

डॉक्टर चंद्रप्रकाश मात्र पत्रकावर बोट ठेवून थांबले.

"हे वर का जातंय?"

"चांगलं ना, सर? पडत नाही आता," यज्ञेश म्हणाला.

"पडणं वाईट म्हणून चढणं चांगलं होत नाही. असा चढत राहणारा दाब हृदयाला महाग पडतो. अंगात पाणी राहिलंय." ते महादूकडे वळले. "जेवणात मीठ?"

महादूने छताच्या पंख्याकडे पाहिले.

"अलनी खातान," सरूबाई म्हणाली. "सून वेगलं टोप लावते. विचारा तिला."

यातला प्रत्येक शब्द खरा होता.

"लोणचं, पापड, सुकी मासळी?"

"वास सुदिक घेत नाय."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले. तिच्या नखांत मीठ होते. पण ती कोळीण होती आणि कोळणीच्या नखांत मीठ असणे हा पुरावा होत नाही.

"मग एक तास वाढवू या. हळूहळू, जास्त वेळ, जास्त पाणी. पाच तास बसायचं, काका."

दाराबाहेर जयवंत चाकाच्या खुर्चीत वाट पाहत होता आणि नीलम घड्याळाकडे. दीप्ती मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, पुढची शिफ्ट आहे. एक तास कुठून काढू?"

"मना पन जमनार नाय," महादू म्हणाला. "ओहोटीत फेरीबोट चिखलात अडकते. मना टाइमात जायला पायजे."

डॉक्टरांनी गोळी वाढवली. ज्याला वेळ हवा होता त्याला गोळी मिळाली, आणि सगळ्यांचे काम झाले.

*

एका शनिवारी दुपारी सरूबाई बांगडे घेत होती. ताज्या माशाच्या अंगात अंगठा रुतवला की मांस उसळून परत येते. शिळ्यात खड्डा तसाच राहतो. गिऱ्हाइकाला फसवणारी कोळीणही स्वतः मासा घेताना हे केल्याशिवाय राहत नाही. तिने टोपली पारखली आणि घरी आली.

महादू दारात बसला होता. लुंगीखालून दिसणारी नडगी चकचकीत, ताणलेली होती. ती त्याच्या पायाशी बसली आणि विचार न करता, हाताच्या सवयीने, तिने नडगीवर अंगठा दाबला. उचलला. खड्डा राहिला. ती पाहत राहिली. खड्डा भरायला खूप वेळ लागला.

"काय बगतंय?" महादूने विचारले.

"काय नाय."

"सांग की. ताजा हाय का शिला?"

तो हसत होता. ती हसली नाही. तिने लुंगी खाली ओढून पाय झाकला.

त्या रात्री आणि पुढच्या रात्री तो आडवा झाला नाही. आडवे झाले की छातीवर कोणी डोलीचे ओले जाळे टाकल्यासारखे होई. जाळ्यांच्या ढिगाला टेकून बसला. रविवार संपता संपेना. शुक्रवारनंतर थेट सोमवार. आठवड्यातला हा दोन खेपांमधला पल्ला सगळ्यांत लांब असतो आणि या रोगाची माणसे त्याच्याच शेवटाला जास्त दगावतात. हे डॉक्टरांना माहीत होते, यज्ञेशला माहीत होते. आठवड्याला वार सात आणि खेपा तीन, तेव्हा तो पल्ला कोणाच्या तरी वाट्याला येणारच होता.

"हास्पिटलात जाऊ या का?" कृणाल म्हणाला.

"उद्या मशीनवर चढलो का उतरंल सगलं," महादू थांबत थांबत म्हणाला. "आज गेलो तर ते मुलुंडला टाकतील. बेड जाईल."

सोमवारी सरूबाईने शेगडी पेटवली. मग बांगड्याच्या तुकड्याकडे पाहत उभी राहिली. न द्यावा तर यंत्र इतके पाणी ओढणार, दाब पडणार, बेड जाणार. द्यावा तर काय, ते तिने शनिवारी अंगठ्याने पाहिले होते. तिने तुकडा भाजला आणि फडक्यात बांधला.

फेरीबोट सुटली. महादू फळीवर दोन्ही हात टेकून पुढे झुकून बसला होता आणि त्याच्या घशात पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा आवाज होत होता. तिने फडके सोडले. त्याने मान हलवली. नको.

खाडीच्या मध्यावर त्याने डोके वर केले.

"आर, उजवीकडं घे," तो बोटीवरच्या पोराला म्हणाला. "ओहोटी हाय. दिसत नाय तुला?"

"घेतो, तांडेल."

पोराने सुकाणू वळवले नाही. ते वळवण्याची गरज नव्हती. महादूच्या ओठांवर गुलाबी फेस आला. सरूबाईने तो हातातल्या फडक्याने पुसला आणि बांगडा बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात पडला. पोराने इंजिनाचा वेग पूर्ण वाढवला. पण फेरीबोट तिच्या वेगाहून जास्त वेगाने जात नाही. वर्सोव्याच्या धक्क्याला लागली तेव्हा त्याला उचलून घ्यायला चौघे पुढे आले, आणि या वेळी त्याने कोणाचाच हात झिडकारला नाही.

केंद्राने इस्पितळासाठी जो कागद दिला त्यात लिहिले होते की शेवटच्या सत्रापर्यंत रुग्ण स्थिर होता.

*

दिवस-कार्य झाल्यावर सरूबाई पुन्हा किनाऱ्यावर उभी राहिली. बोंबील कोणासाठी थांबत नाही. कृणालला आता खलाशी नाखवा म्हणू लागले होते.

माघातल्या एका दुपारी वाळूतून चपला हातात घेऊन एक बाई येताना दिसली. सरूबाईला ती लगेच ओळखता आली नाही, कारण तिने तिला नेहमी बाकावर बसलेलीच पाहिले होते.

"मावशी, मी नीलम. तुमच्या नंतरचा बेड. जयवंतची बायको."

"बस गो. पानी देऊ?"

"नको. फेरी पकडायची आहे." ती बसली मात्र. "काकांचं ऐकलं. वाईट झालं." तिने चपला वाळूत ठेवल्या. "मावशी, एक विचारायचं होतं. ह्यांचा प्रेशर पडतो आता. गेल्या आठवड्यात दोनदा पडला. काकांचापण आधी पडायचा, मग एकदम थांबला. मी बघायची ना रोज. तुम्ही काय दिलात?"

सरूबाईने हातातली बोंबलांची जोडी दोरीवर टांगली.

"कोणाचा उपास, कोणाचं औषध, काही असेल तर सांगा. मी कोणाला बोलणार नाही."

"मी सांगतंय," सरूबाई म्हणाली. "पन पुरा ऐक. मी खारा बांगडा दिला. जाताना, बोटीत. त्यानं दाब नाय पडला. त्यानं तहान लागली, पानी भरलं, पाय सुजले, छाती भरली. मी डाक्टरला खोटं बोलली. त्यानं तो गेला. कलला?"

नीलमने मान डोलावली. तिचे डोळे मात्र आणखी कशावर तरी थांबले होते.

"पण दाब नाही पडला ना?"

"नाय."

"शेवटपर्यंत?"

"तू ऐकलंस का मी काय बोलली ते?"

"ऐकलं, मावशी. मॅडम बोलल्या, अजून एकदा झालं की मुलुंड. आम्ही बोरिवलीवरून येतो. मी कामाला जाते, सुट्टी घेतली की दुसरी ठेवतील. तुमच्याकडे मुलगा तरी होता. मी काय करू, सांगा."

"घरी जा आन त्याचा पाय दाब. खड्डा ऱ्हायला तर डाक्टरचे पाय धर."

"दाबला मी. राहतो खड्डा. आधीपासून राहतो." नीलम उठली. तिने पदराने वाळू झटकली. "खड्ड्यावर बेड जात नाही, मावशी. दाबावर जातो."

तिने टोपलीतल्या खाऱ्या बांगड्यांकडे बोट केले. "हे कसे दिले?"

"हे इकायचे नाय."

"टोपलीत तर मांडलेत."

"तुला इकायचे नाय."

 नीलमला राग आला नव्हता. राग यायला वेळ लागतो आणि तिची फेरी सुटणार होती. ती चार पावले पलीकडे प्रेमाच्या चटईकडे गेली. प्रेमा सरूबाईच्या दिराची बायको. तिचा आवाज धक्क्यापर्यंत जाई.

"ये गो ताई. बग, माशी बसली नाय अजून."

"सगळ्यात खारा कुठला?"

"सगलं खारंच हाय." प्रेमा हसली आणि तिने ढिगातला मधला बांगडा वर काढला, मीठ झटकून कागदावर ठेवला. "हाच घेऊन जा. सरूचा मानूस ह्याच्यावरच तर उभा व्हता."

सरूबाईने वलांडीवरची जोडी उलटी केली. खालच्या बाजूने बोंबील अजून ओला होता.